भाऊजींची दुरुस्ती

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायाकडे बघतात. तीस वर्षं चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याचं दुसरं काय होणार म्हणा. रस्त्यात कोणी भेटलं तर आपण विचारतो, कसं काय, बरं आहे ना. भाऊजी खाली बघून म्हणतात, "डाव्या टाचेकडे लक्ष द्या." समोरचा ओशाळतो, मी कपाळाला हात लावते आणि ताई, म्हणजे माझी बहीण, हसून वेळ मारून नेते.

त्यांचं दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधली फट. एक माणूस बसेल आणि एक गिऱ्हाईक कसंबसं टेकेल एवढीच जागा. समोर लोखंडी पाय, त्यावर बूट उलटा चढवायचा. डाव्या हाताला चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, हातोडी, मेणाचा दोरा. उजव्या हाताला सोल्युशनचा डबा. त्याचं झाकण कधीच नीट लागत नाही, त्यामुळे भाऊजींच्या शर्टाला, केसांना, अगदी घरातल्या टॉवेललासुद्धा तोच वास. दाराशी एक पत्र्याचा ड्रम, त्यात जुने सोल, झिजलेल्या टाचा, चामड्याचे तुकडे. आणि चारी बाजूंना लोकांचे जोड, प्रत्येकाच्या तळाला खडूची खूण. नाव ते लिहीत नाहीत. बूट उलटा केला की त्यांना माणूस आठवतो. कोणाची टाच बाहेरून झिजते, कोणाची आतून, कोण पाय ओढत चालतं, कोण जमिनीवर राग काढतं, सगळं त्यांना तोंडपाठ.

दुरुस्तीला आलेल्या बुटाचं पहिलं काम ठरलेलं. आतला सोल ओढून काढायचा. पाऊल जिथे टेकतं तो पातळ चामड्याचा थर, घामाने काळा पडलेला, कडेने फाटलेला. भाऊजी तो बघतसुद्धा नाहीत. डाव्या हाताने फर्रकन ओढतात, ड्रममध्ये टाकतात आणि मग कामाला लागतात. "मळ आधी काढावा," असं त्यांचं म्हणणं. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल.

मी स्वतः चार गल्ल्या सोडून बायकांचे केस कापते. माझ्या खुर्चीत बाई बसली, मानेवर कोमट पाणी पडलं, की ती बोलायला लागते. सासू, नवरा, मुलगा, छातीतली गाठ, लांबलेली तपासणी, सगळं. निम्म्या जणी रडतात. मी कात्री चालवत हुं हुं करते, आणि पुष्कळदा मलाही आवरत नाही. जाताना म्हणतात, हलकं वाटलं. केसांमुळे की रडण्यामुळे, ते मी विचारत नाही. त्यामुळे माझं एक मत पक्कं झालेलं होतं, की दुःख कळतं ते बायकांना. पुरुष त्या वेळी गाडी लावायला गेलेले असतात. कोणाच्या घरी माणूस गेलं की बघा. आत बायका एकमेकींच्या गळ्यात पडून मोकळ्या होतात आणि बाहेर पुरुष खुर्च्या मांडतात, फोन करतात, पाण्याच्या बाटल्या आणायला जातात ते दोन तासांनी उगवतात.

भाऊजी तर यातलंही काही करत नाहीत. माझा नवरा मला सोडून गेला तेव्हाची गोष्ट सांगते. ताई पंधरा दिवस माझ्याकडे येऊन राहिली. माझ्याबरोबर रडली, माझ्याहून जास्त रडली, माझ्या नवऱ्याला माझ्याहून कडक शिव्या दिल्या. तिचं हे असंच. कोणाचंही दुःख असो, ती आधी त्याला मिठी मारणार, मग विचारणार काय झालं. तिसऱ्या दिवशी भाऊजी आले. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. त्यांनी एक पिशवी काढली, माझ्या घरातली सगळी पायताणं गोळा केली, घरात घालायच्या सपातासुद्धा, आणि निघाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "भाऊजी, माझा नवरा गेलाय, टाच नाही."

ते दारात थांबले. म्हणाले, "नवरा मला दुरुस्त करता येत नाही, मेहुणीबाई. टाच येते."

दोन दिवस मी घरात अनवाणी फिरले. मग सगळे जोड परत आले, नव्या टाचा, नवे टाके, आरशासारखं पॉलिश. ते मी पुढे सहा वर्षं वापरले, पण तेव्हा मी ताईला सांगितलं होतं, तुझा नवरा म्हणजे दगड आहे. ताई म्हणाली, "असू दे गं. हे असेच."

या दोघांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखी ताठ होती म्हणून मी तिचं नाव ठकी ठेवलं, आणि तेच घरात चिकटलं. ठकीचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धं बोट आखूड. ती चालायला लागली तशी भाऊजींनी तिच्या डाव्या बुटाच्या आत टाचेखाली चामड्याचा थर घातला. ती वाढली तसे थर वाढले. वर्गातल्या मुलींना, शिक्षकांना, पुढे ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायला लागली तिथल्या लोकांना, कोणालाच कधी कळलं नाही की ही मुलगी लंगडते. बाप-लेकीत यावर एक शब्द बोलला गेल्याचं मला आठवत नाही. वर्षातून दोनदा ती दुकानात जाऊन स्टुलावर बसायची, पाय पुढे करायची, ते माप घ्यायचे, ती उठून जायची. एवढंच.

चोविसाव्या वर्षी ठकीला ताप आला. सहा दिवस घरी, दोन दिवस हॉस्पिटलमध्ये, आणि गेली. मला यावर जास्त लिहिता येणार नाही.

पण एक गोष्ट लिहायलाच हवी. ती गेली तेव्हा मी आणि ताई तिच्या उशाशी होतो. मी भाऊजींना बोलवायला बाहेर धावले. ते कॉरिडॉरच्या टोकाला जमिनीवर बसले होते आणि नर्सच्या बुटाचा उचकटलेला सोल चिकटवत होते. नर्स एका पायावर भिंतीला टेकून उभी. ती बिचारी सकाळपासून ठकीच्या खोलीत खेपा घालत होती आणि प्रत्येक पावलाला तो सोल फटफट वाजत होता. भाऊजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. बूट तसाच हातात दाबून धरला, कारण सोल्युशन सुकेपर्यंत दाबून धरावं लागतं. मग तो तिच्या पायाशी ठेवला आणि माझ्यामागून आले. हे मी त्यांना माफ केलं नाही. मनात म्हटलं, पोटची पोर जात होती आणि हा माणूस सोल चिकटवत होता.

पुढचे आठ महिने ताईचे कसे गेले ते मी रोज पाहिलं. जगाला कुशीत घेणारी माझी बहीण, तिने तोंडात मिठाची गुळणी धरली. लोक यायचे, तिला मिठ्या मारायचे, ती मिठीत नुसती उभी राहायची. भाऊजी सकाळी दुकानात जायचे, संध्याकाळी यायचे, जेवायचे. दोघांमध्ये ठकीचं नाव निघत नव्हतं. ताई मला एकदा म्हणाली, "ह्यांना काही वाटतं की नाही तेच मला कळत नाही. मला एकटीलाच मुलगी होती का गं?"

मग एका दुपारी तिने मला तिचं गुपित दाखवलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून ठकीचे तपकिरी बूट काढले, कामावर जायचे ते. टाच पार झिजलेली, पुढचा टाका सुटलेला. ताईने डावा बूट मांडीवर घेतला आणि माझा हात धरून आत घातला.

"लागतंय?" तिने विचारलं.

लागलं. आतल्या सोलवर पाच खळगे होते. अंगठ्याचा मोठा, मग एकेक लहान होत जाणारे, आणि मागे टाचेची गोल खोलगट जागा. दोन वर्षं रोज दहा तास उभं राहून त्या पावलाने चामड्यात स्वतःची जागा केली होती.

"रोज बघते मी," ताई म्हणाली. "आहे ना अजून, एवढंच बघते. फोटोत ती नाहीये. कपडे तर धुतलेलेच होते सगळे. ती इथे आहे, बघ."

मी तिला जवळ घेतलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ती रडली. मला वाटलं, आता सुटेल गुंता.

इथे मी गाढवपणा केला. दुसऱ्या दिवशी केस कापायचे सोडून मी तडक भाऊजींच्या दुकानात गेले आणि त्यांना फैलावर घेतलं. गिऱ्हाईक समोर होतं, तरी थांबले नाही.

"काहीतरी करा तिच्यासाठी," मी म्हटलं. "दगडासारखे बसू नका."

"काय करू?" ते म्हणाले. हे उलट उत्तर नव्हतं, ते खरंच विचारत होते, पण मला तेव्हा ऐकू आलं नाही.

"तिच्याजवळ बसा. ठकीबद्दल बोला."

"काय बोलू?"

"अहो, ती रोज दुपारी ठकीचे बूट मांडीवर घेऊन बसते. तुम्हाला माहीत तरी आहे का?"

त्यांचा हात थांबला. "कुठले बूट?"

"तपकिरी. कामावरचे."

"त्याची टाच गेली होती," ते हळूच म्हणाले. "मला म्हणाली होती ती, बाबा, एवढं करून द्या. मी म्हटलं, रविवारी करतो. रविवारी ताप आला."

त्यांनी इतकी वाक्यं सलग बोललेली मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, आपला डोस लागू पडला. खळग्यांचं मी काही बोलले नाही. ते ताईचं गुपित, ते कसं सांगायचं, असा शहाणपणा मी नेमका तिथे केला.

पुढच्या बुधवारी सकाळी मी ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथे तासन्‌तास बसावं लागतं. आम्ही दुपारी परत आलो तर भाऊजी घरी होते. दुकानाच्या वेळात, खोलीच्या मधोमध उभे, हात पुसलेले, शर्ट बदललेला. ताईने विचारलं, "बरं वाटत नाही का?" ते नुसते कपाटाकडे बघत राहिले.

ताईने खालचा कप्पा उघडला. बूट चमकत होते. नवी टाच, नवा तळ, पुढचा टाका असा घातलेला की सुटला होता हे कोणाला पटणार नाही. दुकानातून नवे आणून ठेवल्यासारखे दिसत होते. ताईने डावा उचलला, आत हात घातला. मग उजव्यात घातला. मग पुन्हा डाव्यात.

"आतला सोल कुठे आहे?" ती म्हणाली.

"बदलला," भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात मला चक्क आनंद ऐकू आला. "मऊ चामडं घातलंय. ठेवलं होतं मी तिच्यासाठीच. जुना कडेने फाटला होता."

"जुना कुठे आहे?"

"ड्रममध्ये."

ताईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी ठकी गेली तेव्हाही ऐकला नव्हता. काय झालं ते भाऊजींना कळेना. मीच ओरडून सांगितलं, "अहो, तिच्या पावलाचा ठसा होता त्यात! बोटं होती तिची!" ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि धावत सुटले. साठीला आलेला माणूस, अनवाणी, भर रस्त्यातून. मी मागे. दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा ड्रम रिकामा होता. सकाळी काम झाल्यावर त्यांनी तो स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या गाडीत उपडा केला होता. एरवी आठवड्याने करतात. त्या दिवशी म्हणे त्यांना दुकान स्वच्छ असावंसं वाटलं होतं.

त्या दोन दिवसांत त्यांनी कचऱ्याच्या मैदानावर काय काय उपसलं ते मला तिथल्या मुकादमाने नंतर सांगितलं. काही मिळालं नाही. मिळणारही नव्हतं.

ताईने पिशवी भरली आणि माझ्याकडे राहायला आली. "मी परत जाणार नाही," ती म्हणाली. "त्या घरात आता माझं कोणी नाही." आधी ती नवऱ्याला 'हे' म्हणायची. आता म्हणाली, "त्या माणसाने माझी पोर दुसऱ्यांदा बाहेर टाकली." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेली बाई असं बोलते तेव्हा तिला समजूत घालून चालत नाही. मी फक्त माझं तोंड मिटून होते, कारण बुटांचं भाऊजींच्या डोक्यात कोणी घातलं हे तिला मी सांगितलं नव्हतं. रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज जीभ टाळ्याला चिकटायची. एरवी माझ्या जिभेला हाड नाही.

तीन आठवडे झाले. एकदा ताईने मला विचारलं, इथेच एखादी खोली मिळेल का बघ. मग मात्र मला राहवलं नाही आणि मी दुकानात गेले.

दुकान ओळखू येईना. लोकांचे जोड दाराबाहेरपर्यंत आले होते, खडूच्या खुणा केलेले, पण एकाला हात लावलेला नाही. भाऊजी स्टुलावर बसलेले. दाढी वाढलेली. समोरच्या फळीवर एका ओळीत अकरा आतले सोल मांडलेले, सगळे डाव्या पायाचे. जवळ पाण्याचं भांडं.

"चामडं भिजवलं की मऊ होतं," ते मला म्हणाले, जणू मी हे शिकायलाच आले होते. "मग अंगठ्याने दाबत राहायचं. सुकलं की ठसा तसाच राहतो." त्यांनी हात पुढे केला. उजव्या अंगठ्याची कातडी सोलून निघाली होती, नखाखाली रक्त साकळलेलं. "यातला कुठला खरा वाटतो गं?"

मी एकेकात बोट घालून बघितलं. सातव्यात बोट थांबलं.

"हा," मी म्हटलं.

"मलाही तोच वाटतो. हा तिला दे. सांग, मैदानावर सापडला." ते माझ्या तोंडाकडे बघत होते, पायाकडे नाही. "माझं नाव घेऊ नकोस. मी दिला म्हटलं तर ती हात लावणार नाही."

मला रडू फुटलं. म्हटलं, "भाऊजी, चूक माझी आहे. ठशाचं मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

"छे," ते म्हणाले. "तीस वर्षं लोकांच्या बुटात हात घालतोय मी. रोज एक तरी ओढून काढतो. एकदाही बघितलं नाही काय असतं आत." फळीवरच्या सोलांकडे बघत म्हणाले, "तिचाही नाही बघितला. बघितला असता तर सोपं गेलं असतं आता."

तो सोल मी रुमालात गुंडाळून घरी नेला. खोटं बोलणं मला जड नाही. नको तसे कापले गेलेले केस तुम्हाला शोभतात म्हणून मी रोज सांगते. ताई खिडकीशी बसली होती. मी म्हटलं, "मैदानावर सापडला गं. मुकादमाने जपून ठेवला होता."

तिने तो दोन्ही हातांनी घेतला. मांडीवर ठेवला, डोळे मिटले, बोटं फिरवली. तिचा चेहरा सैल पडत गेला, आणि मला वाटलं, देवा, निभावलं. मग तिची बोटं अंगठ्याच्या खळग्यावर अडली.

"हा कोणी केलाय?" तिने विचारलं.

आता खोटं संपलं. मी सगळं सांगितलं. मीच बुटांचं बोलले तेही, अकरा सोल, सोललेला अंगठा, सगळं. मला वाटलं ती मला घराबाहेर काढेल, म्हणजे माझ्याच घरातून. तिने पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "अंगठा फार खोल झालाय. सांगायला हवं ह्यांना."

भाऊजी तिला बघून उभे राहिले, इतक्या घाईत की पाणी सांडलं. ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. त्यांच्याकडे न बघता सोल फळीवर ठेवला.

"अंगठा इतका नव्हता."

"किती कमी करू?"

"तांदळाएवढा."

त्यांनी चामडं भिजवलं, मागून बोटाने वर ढकललं. तिने हात लावून पाहिला. "हां. आणि दुसरं बोट अंगठ्याला चिकटून होतं."

"चिकटून नव्हतं," भाऊजी म्हणाले. "दुसरं लांब होतं, म्हणून तसं वाटायचं. माप घेताना मी नेहमी दोन सूत जास्त सोडायचो."

"मी रोज हात लावत होते. मला सांगता?"

"आणि माप काय तू घेत होतीस?"

मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला हसू येत होतं, डोळ्यांतून पाणीही. भांडत होती दोघं. नऊ महिन्यांनी ठकीवरून भांडत होती. ती तापात बोटं कशी आखडून घ्यायची, लहानपणी डावा बूट कशी काढू द्यायची नाही, झोपेतही घालून असायची, एकेक निघत होतं. वाटलं, झालं, आता ताई घरी जाणार. मी मूर्ख, जाऊन तिघांसाठी चहासुद्धा घेऊन आले.

चहा घेऊन आले तेव्हा दोघं फळीवर वाकलेली होती. इतक्या वेळा भिजवून, दाबून, उलटं दाबून त्या चामड्याचा लगदा व्हायला आला होता. ताईचं बोट सोलच्या बाहेरच्या कडेवर होतं.

"करंगळी," भाऊजी म्हणाले. "आत वळलेली होती की सरळ?"

ताईने डोळे मिटले. बोट फिरवलं. उघडले, पुन्हा मिटले.

"सांग ना," ते म्हणाले. "तू सांग तशी करतो."

ताईने हात उचलून स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "नाही येत," ती म्हणाली. "मघाशी येत होती. तुमचं हे हाताळलं ना, आता तिचं ते बोटांना आठवत नाही. कुठलंच नाही येत."

भाऊजींनी फळीवरचे बाकीचे दहा सोल एकेक करून तिच्यापुढे सरकवले. तिने एकेकाला हात लावला आणि मान हलवली. शेवटचा झाला तेव्हा त्यांनी तो उचलला, तोंडावर दाबून धरला, आणि धाय मोकलून रडू लागले. पुरुषाला रडायची सवय नसली की तो आवाज ऐकवत नाही. रस्त्यावरची माणसं थांबून आत बघायला लागली.

मी ताईकडे बघत होते. आता ती उठेल, त्यांना कुशीत घेईल, हे तिचं रोजचं काम. ती उठली, पण त्यांच्याकडे गेली नाही. दाराशी आली, माझ्या हातातले चहाचे ग्लास बाजूला सारले आणि शटरला हात घातला.

"तू जा," ती मला म्हणाली. "ह्यांना कोणी बघायला नको."

शटर खाली आलं. मी बाहेर, हातात तीन ग्लास. आतून आधी एकाच माणसाचं रडणं येत होतं, मग दोघांचं यायला लागलं.

तेवढ्यात एक बाई आपले सँडल न्यायला आल्या. शटरकडे बघून म्हणाल्या, "आज बंद आहे का दुकान?"

"हो," मी म्हटलं. "त्यांची मुलगी गेली."

"अगं बाई! कधी?"

"आत्ताच," मी म्हटलं.